बारा बुजगावण्यांचा सेनापती

२ ऑगस्ट १९४८, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. इंग्रजी तारीख घालायची, म्हणजे शिस्त राहते.

हे सगळं चिनी सेनापती सुन त्झू यांच्यामुळे. (उच्चार नक्की काय, देव जाणे.) हिंगोलीच्या जुन्या छावणीतून एक साहेब गेला, त्याचं भंगार विकलं, त्यात हे पुस्तक मला मिळालं. नाव आणि शेवटचा अर्धा भाग वाळवीनं खाल्लाय. पण उरलं तेवढं जबरदस्त. अडीच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, आणि सांगतो काय, तर खरा जिंकणारा तलवार उपसतच नाही. डोक्यानं जिंकतो. वाचलं आणि वाटलं, अरे, हा तर मीच.

आधी परिस्थिती मांडावी, असं तो म्हणतो. मांडतो. मी तातेराव, वय बेचाळीस, निजाम सरकारच्या करोडगिरी, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकून. नाका कनेरगावपासून तीन कोस, आडरस्त्यावर. एक खोली, ओटा, रस्त्यात आडवं बांबूचं फाटक. फाटकापलीकडे वऱ्हाड, म्हणजे हिंदुस्थान. अलीकडे आम्ही. मागे वीस घरांची वाडी. शत्रू दोन. पलीकडे कँपवाले, ज्यांना निजामाचं राज्य घालवायचंय. अलीकडे रझाकार, ज्यांना ते ठेवायचंय. मधे मी.

परवा पैनगंगेच्या काठचा एक नाका कँपवाल्यांनी जाळला. कारकुनाला लंगोटीवर घरी पाठवलं. बारा मैल.

मी भ्यालेलो नाही. पोट बिघडलंय ते वांग्याच्या भाजीनं.

४ ऑगस्ट, बुधवार
नाकेदारसाहेब ईदसाठी घरी गेले. चार्ज माझ्याकडे. शिक्का, किल्ली आणि ठासणीची बंदूक. बंदुकीत गेल्या वर्षी गांधीलमाशीनं घर केलं होतं, ते तसंच आहे. जाताना साहेब म्हणाले, "तातेराव, कोई आया तो बहादुरी मत करना." भला माणूस. पण त्यांना युद्धशास्त्र माहीत नाही.

माझं सैन्य: हिरासिंग, तांड्यावरचा, पन्नाशीचा, जवान म्हणून वीस वर्षं नोकरी. आणि सेवा, दुसरा जवान, बहुतेक झोपलेला.

संकल्प: रोज पहाटे उठून सरहद्दीची पाहणी.

५ ऑगस्ट
पाऊस. पाहणी खिडकीतून केली.

६ ऑगस्ट, शुक्रवार
शत्रूची खबर काढल्याशिवाय पाऊल टाकू नये. हिरासिंगला हेर म्हणून पलीकडे कँपात पाठवलं. मी स्वतः जाणार होतो. पण सेनापती जात नसतो.

तो संध्याकाळी आला. तोंडाला ठेच्याचा वास. कँपवाल्यांनी त्याला जेवू घातलं म्हणे. खबर: माणसं चाळीस, बंदुका सहा. त्यांनी विचारलं, नाक्यावरचा मुन्शी कसा आहे? मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? हिरासिंग म्हणाला, "खरं तेच सांगितलं. मानूस भला हाये, पर लई भेकड."

आधी राग आला. मग लक्षात आलं: शत्रू मला भित्रा समजून राहिला! ताकद असताना दुबळं दिसणं, हेच तर सुन त्झूचं मर्म. मी काही न करता हे साधलं.

पंचफुलेला (आमची मंडळी) हे समजावलं. ती म्हणाली, "आन ताकद कुटं हाये?"

बायकांना युद्धशास्त्र कळत नाही.

१० ऑगस्ट, मंगळवार. नागपंचमी
मास्टर प्लॅन. दुबळं दिसून झालं, आता उलट. नाक्याच्या पेटीत जुने खाकी कोट निघाले, अकरा. बारावा माझा स्वतःचा. कडबा भरून, मडक्यांची डोकी लावून, बारा शिपाई तयार केले. भिंतीआड कमरेपर्यंत दिसतील असे उभे. हातात काठ्या. पलीकडच्या टेकडीवरून हुबेहूब पलटण.

वाडीतल्या बाया झोक्यावरून बघून हसत होत्या. हसू देत.

११ ऑगस्ट
बैलानं दोन नंबरच्या शिपायाचा हात खाल्ला. भरून घेतला.

१३ ऑगस्ट, शुक्रवार
वाडीतल्या सात-आठ घरांची रानं फाटकापलीकडे, वऱ्हाडात आहेत. निंदणी सुरू झाली. बाया रोज सकाळी खुरपी घेऊन, लेकरं काखेला मारून जातात, दिवस मावळता येतात. फाटक मी स्वतः उघडतो. कोण येतं, कोण जातं, यावर माझी नजर बारीक. आज बावीस गेल्या, सोळा आल्या. हिरासिंगला विचारलं. तो म्हणाला, बाकीच्या पंचमीच्या माहेरपणाला राहिल्या. पलीकडेच माहेर आहे म्हणे. बरोबर आहे.

पंचफुलाही निंदायला जाते. आमचं रान नाही. विचारलं, तू काहून जातेस? म्हणाली, "बसून जीव घाबरतो."

तिचा घाबरतो. माझा नाही.

१५ ऑगस्ट, रविवार
पलीकडे झेंडा लावला. सगळे ओरडत होते, काय ते ऐकू आलं. खिडकी लावून घेतली. नंतर फटीतून बघितलं.

१९ ऑगस्ट, गुरुवार
दाराला कडी घालून लिहितोय.

दुपारी जेवून उठलो तोच लॉरीचा आवाज. रझाकार. दहा-बारा जण, पुढे त्यांचा सालार, म्हणजे म्होरक्या, उंच, डोळ्याला काळा चष्मा. मी ताबडतोब आतल्या मोर्च्यावर गेलो. आतला मोर्चा म्हणजे ज्वारीची कणगी. ती निम्मी रिकामी होती.

आतून सगळं ऐकलं. सालार ओरडला, "ये बारा आदमी किसके हैं? हमने तो नहीं भेजे!" म्हणजे माझ्या पलटणीची बातमी त्याच्यापर्यंतही गेली होती. हे मी धरलं नव्हतं.

मग पंचफुलेचा आवाज, एकदम साधा, जसं काय भाजीवालीशी बोलून राहिली: "साहेब, ती बुजगावणी हायेत. पाखरं लई झाली औंदा."

मला माझ्या दातांचा आवाज ऐकू येत होता. मग ते हसले. सगळेच. मग गोळी सुटली.

मला वाटलं पंचफुला. मला खरंच वाटलं पंचफुला. कणगीतून उठायला गेलो तर पाय उठेनात. ज्वारीत रुतले होते की कसे, सांगता येत नाही.

मग तिचाच आवाज: "कोट फुकट गेला की."

त्यांनी आमच्या तिन्ही शेळ्या लॉरीत टाकल्या. जाताना सालारनं विचारलं, वाडीत घरं किती, बायका किती. पंचफुलेनं सांगितलं, घरं वीस, बायका म्हाताऱ्या. तो म्हणाला, पोळ्याच्या दिवशी पंचवीस माणसं इथं ठाणं देऊन बसतील. घरं मोकळी करा, रोट्या बायका भाजतील.

लॉरी गेल्यावर बाहेर आलो. डोक्यावर ज्वारी. पंचफुला ओट्यावर बसून होती. माझ्या केसांतले दाणे काढत बसली.

२० ऑगस्ट
बारा नंबरच्या शिपायाच्या छातीला भोक आहे. कोट माझा. करंगळी जाते.

सकाळपासून तीनदा बघून आलो.

२१ ऑगस्ट
शांतपणे विचार करता कालपरवाच्या प्रसंगात विजय माझाच. शत्रू आला, एकही माणूस न मारता परत गेला. सुन त्झूनंही हेच केलं असतं. (शेळ्या सोडून.)

पण पोळा ३ सप्टेंबरला.

२३ ऑगस्ट, सोमवार
सकाळी फाटकाजवळच्या बाभळीला चिठ्ठी टोचलेली. कँपवाल्यांची. "मुन्शी, तुझ्या नाक्यावर बारा हत्यारबंद शिपाई बसलेत हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून आता साठ माणसं आणि बाँब घेऊन येतो. पोळ्याच्या आत नाका सोड."

म्हणजे यांनाही खरे वाटले! प्लॅन इतका यशस्वी झाला की चाळिसाचे साठ झाले.

लगेच बुजगावणी काढायला गेलो. मग थांबलो. काढली तर कँपवाल्यांना वाटेल शिपाई लपून बसले. ठेवली तर वाटेल उभे आहेत. पुस्तकात याचं उत्तर असणार. वाळवीनं खाल्लेल्या भागात.

बाया निंदायला: सोळा गेल्या, अकरा आल्या. रान मोठं दिसतंय, वस्तीला राहतात बहुतेक.

२५ ऑगस्ट, बुधवार
दुहेरी धोरण. दोन पत्रं लिहिली. एक सालारला: मी हुजूरचा इमानी नोकर, संरक्षण द्यावं. एक कँपाला: मी मनानं तुमचाच, बाँब टाकू नये. भाषा दोन्हींत उत्तम साधली.

हिरासिंग नेईना. म्हणाला, "मुन्शीजी, हे दोन कागद माझ्यापाशी एकदम घावले तर मला दोनदा मारतील." मी म्हटलं, वेगवेगळ्या दिवशी ने. तेवढ्यात पंचफुलेनं दोन्ही पत्रं घेऊन चुलीत घातली.

तिला म्हटलं, तुला कळतं का मी काय करून राहिलो? ती म्हणाली, "व्हय. घाबरून राहिले. म्या काही म्हनलं का?"

तिच्याशी दिवसभर बोललो नाही. तिला कळलं नाही. ती रानात होती.

२८ ऑगस्ट, शनिवार
सेवा सकाळी उठला, बिल्ला टेबलावर ठेवला, फाटकाखालून वाकून पलीकडे गेला. मागे बघितलंसुद्धा नाही. वीस पावलांवर हिंदुस्थान. मला पहिल्यांदा लक्षात आलं, वीसच पावलं आहेत.

सैन्य निम्म्यावर. पण कामचुकार गेला हे बरंच झालं.

३० ऑगस्ट, सोमवार
वाडी एकदम शांत. भांडण नाही, रडणं नाही, कोंबडं नाही. माझ्या बंदोबस्ताचा परिणाम. लोकांना सुरक्षित वाटायला लागलं की गाव असं शांत होतं.

बाया: नऊ गेल्या. मोजायला बसलो होतो, पण डुलकी लागली. आल्याच असतील.

१ सप्टेंबर, बुधवार
फायनल निर्णय: वाडीतल्या पुरुषांना गोळा करून कवायत घ्यायची. सकाळी छातीला बिल्ला लावून निघालो.

पहिल्या घराला कडी. दुसऱ्याला कडी. तिसरं उघडं, आत चूल गार, राखेत मांजर. पिंजाऱ्याच्या घरी म्हातारी पिंजारीण सदा खाटेवर असते, ती नाही, खाटही नाही. मी हाका मारल्या. माझाच आवाज परत आला. वाटलं, मारलं सगळ्यांना, आणि मी पन्नास हातांवर असून मला पत्ता नाही.

शेवटच्या घरी मुंजाजी. ऐंशीचा, डोळ्यानं अधू, दारात बसून सुतळी वळत होता. ओरडलो, माणसं कुठं गेली? म्हणाला, "कोन, तातेराव का? समदी गेली की पल्याड. तुमच्याच फाटकातून."

मी म्हटलं, कधी?

"वीस दिस झाले, जाऊन राहिलेत. निंदायच्या निमतानं. रोज चार-पाच. गडी औतामागं गेले. तुमची पंचफुला नेती पल्याड तिच्या भावाच्या गावाला. तुमाला सांगू नका म्हनली. तुमी घाबरता म्हनून."

तिथंच ओट्यावर बसलो. वीस दिवस फाटक मी उघडत होतो. एकदा तर वाडीतल्या सुमनबाईचं गाठोडं मीच उचलून तिच्या डोक्यावर दिलं होतं. जड लागलं. म्हटलं, खुरपी असतील.

३ सप्टेंबर, शुक्रवार. पोळा
मेव्हण्याच्या घरी, वऱ्हाडात. कालचं लिहितो.

काल सकाळी पंचफुला म्हणाली, चला. म्हटलं, चार्ज माझ्याकडे आहे, सेनापती मोर्चा सोडत नसतो. मला वाटलं ती भांडेल. ती म्हणाली, "बरं. मग मी बी न्हाई जात," आणि चुलीपुढे भाकरी थापायला बसली. पंचवीस माणसांच्या रोट्या याच चुलीवर भाजायच्या होत्या. तिच्या पाठीकडे बघितलं आणि कोटाचं भोक आठवलं. म्हटलं, ऊठ.

पुस्तक घेतलं नाही. विसरलो.

मुंजाजी येईना. म्हणाला, मला कोन मारतो. हिरासिंगच्या एका खांद्यावर बंदूक, दुसऱ्यावर आमची ट्रंक. मग मुंजाजीला मी पाठीवर घेतलं. म्हातारा वजनाला नाही, पण गळा आवळून धरतो. फाटकाच्या पलीकडे शंभर पावलांवर ज्वारी सुरू होते. तिथवर पोचलो आणि लॉरी वाजली. एक दिवस आधीच आले.

ज्वारीत पालथे पडलो. चिखल. लॉरी फाटकापाशी थांबली. माणसं उतरली, बोलणं ऐकू येत होतं. सालारचा आवाज मी ओळखला. मुंजाजीला ढास लागली. पंचफुलेनं त्याच्या तोंडात पदराचा बोळा धरला. म्हाताऱ्याचं सगळं अंग माझ्या पाठीवर खोकत होतं, आवाज न करता. मी डोळे मिटून घेतले. देवाचं नाव आठवेना. औंढ्याच्या नागनाथाचं नाव लहानपणापासून येतं, ते आठवेना.

किती वेळ, ठाऊक नाही. मग गोळ्या. पण आमच्याकडे नाही. टेकडीवरून. कँपवालेही आले होते. माझा नाका मधे, आणि दोन्हीकडून ठो ठो. हिरासिंग म्हणाला, "उठा, आता आपल्याकडं कोनी बघत न्हाई." मी उठलो ते पळालो. मुंजाजी पाठीवर आहे हे अर्ध्या कोसावर कळलं.

टेकडीमागून धूर दिसला. नाका जळाला. लॉरी नंतर परत गेली म्हणे. वाडीतलं माणूस एकही मेलं नाही, कारण तिथं वाडीतलं कुणी नव्हतंच.

इथं वाड्यात, गोठ्यात, देवळात आपली वाडीच. गोजरबाई, पिंजाऱ्याची म्हातारी, सुमनबाईची लेकरं. सगळे पंचफुलेला हाका मारतात. बैल सजवलेत. मला कुणीतरी पुरणपोळी दिली. खाता खाता रडू आलं. पोळी तिखट नव्हती.

१९ सप्टेंबर, रविवार
हिंदुस्थानची मिलिटरी सोमवारीच आत गेली. निजामानं हात टेकले. चार दिवसांत सगळं संपलं. मी महिनाभर प्लॅन करत होतो.

नाकेदारसाहेबांची खबर नाही. पंचफुला रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते. आता घाबरायची पाळी त्यांच्यावर आलीय, म्हणते.

२१ सप्टेंबर, मंगळवार
वाडी परत आली. आज नवे साहेब चौकशीला आले, नागपूरकडचे, टोपी पांढरी. जळक्या नाक्यासमोर खाट टाकून बसले. वाडी भोवती जमली. विचारलं, चार्ज कुणाकडे होता? मी उभा राहिलो.

साहेब म्हणाले, या वाडीतली सत्त्याहत्तर माणसं रझाकारांच्या नाकावर टिच्चून पलीकडे गेली, कुणाला ओरखडा नाही. आसपास असं कुठं झालं नाही. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

सगळे पंचफुलेकडे बघायला लागले. तिनं पदर सारखा केला. म्हणाली, "आमच्या ह्यांनी रोज फाटक उघडलं, म्हनून गेलो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. टाक दौतीत बुडवला. "म्हणजे योजना तुमची?"

नुसतं होय म्हणायचं होतं. पंचफुला खाली बघत होती. हिरासिंग आभाळाकडे. कुणी खोटं पाडलं नसतं.

म्हणालो, "साहेब, मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं निंदणी चाललीय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. मुंजाजीला उशिरा कळलं, तो शेवटी हसला. साहेबांनी लिहिलं, 'कारकुनास काही माहिती नाही.' खाली माझी सही घेतली.

चहा द्यायचा म्हटलं तर दूध नाही. कोरा केला. ओट्यापासून खाटेपर्यंत नेईस्तोवर निम्मा बशीत. साहेब म्हणाले, अहो, आता कशाला भिता? सवय, म्हटलं.

ते गेल्यावर पंचफुलेला विचारलं, तुला त्या वीस दिवसांत कधी भ्याव वाटलं नाही?

"रोज," ती म्हणाली. "पाय लटलट कापायचे. फाटकापाशी तर लईच. वाटायचं, आज इचारतील, आज इचारतील."

कोण, सालार?

"तुमी."

मग म्हणाली, बसून काय राहिले, दोन घागरी पाणी आणा.

आणलं.